तुटक रेषेच्या वाटेने जळगावभोवती

गाव नकाशावर रस्त्याचा दर्जा त्याच्या रेषेवरून ओळखता येतो. गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने दाखवलेली असते आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने. गाडीवाटेची रुंदी १६.५ ते २१ फूट धरलेली आहे, तर पायवाटेची ८.२५ फूट, म्हणजे जमीन मोजायच्या ३३ फुटी शंकू साखळीचा बरोबर चौथा भाग. भूमी अभिलेख खात्यात सगळी नोकरी झाल्यामुळे या रेषा वाचण्याची सवय माझ्या डोळ्यांत मुरलेली आहे आणि निवृत्तीनंतरही ती गेलेली नाही. जळगावच्या कडेची उद्याने, तलाव आणि टेकड्या पायी फिरताना मला सारखे जाणवत असे की ही ठिकाणे एकमेकांपासून तुटलेली आहेत. एका हिरव्या जागेतून दुसऱ्या हिरव्या जागेत जायचे तर माणूस आधी घरी परततो आणि मग दुचाकी काढतो. मेहरूण, पिंप्राळा, मोहाडी, निमखेडी, आसोदा या गावांचे जुने नकाशे एकाशेजारी एक मांडल्यावर मात्र लक्षात आले की या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा कागदावर आजही आहेत. त्या वाटांनी शहराला पूर्ण वळसा घालता येईल का, हे पाहायचे मी ठरवले.

ही कल्पना सुचायला आणखी एक कारण होते. लंडनला लेकीकडे राहिलो असताना ‘कॅपिटल रिंग’ नावाच्या पायी मार्गाचे काही टप्पे मी चाललो होतो. हा मार्ग सुमारे १२६ किलोमीटरचा असून त्याचे १५ टप्पे आहेत आणि तो २००५ साली पूर्ण झाला. लंडनच्या उपनगरांतील बागा, मैदाने, राने आणि नदीकाठ यांना तो ओवत जातो. रिचमंड पार्कसारखे विस्तीर्ण उद्यान त्यात आहे, तसाच एका बंद पडलेल्या लोहमार्गावरून गेलेला, दोन्ही बाजूंनी झाडांनी झाकलेला पट्टाही आहे. वूलिच येथे हा मार्ग टेम्स नदीच्या तळाखालून १९१२ साली खुल्या झालेल्या पादचारी बोगद्यातून पलीकडे जातो आणि तिथे सायकलस्वाराला उतरून सायकल हाताने न्यावी लागते. या मार्गासाठी नवे असे फारसे काही बांधलेले मला दिसले नाही. जुन्या हक्काच्या पायवाटा आणि साधे गल्लीरस्ते जोडून घेतले आहेत आणि वळणावळणावर खुणेच्या पाट्या लावल्या आहेत. आपल्याकडे पाट्या नाहीत, परंतु वाटा तर नोंदीला आहेत, हा विचार तिथूनच पक्का झाला.

सायकल निवडली ती अंतरामुळे. हा वळसा पन्नास किलोमीटरांच्या आसपास भरतो आणि तो एका दिवसात सलग पाहिला, तरच त्याचे तुटलेले सांधे एकापुढे एक डोळ्यांसमोर येतात, असे मला वाटले. त्याआधी मी आणि माझा पुतण्या बहुतेक तुकडे पायी चालून आलो होतो. पायी पाहिल्याशिवाय अशा वाटेवर सायकल घालू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण मोबाइलवरच्या नकाशात बांध दिसतो, पण बांधावरची काटेरी तार दिसत नाही. दिवस जानेवारीतला निवडला. खान्देशातल्या उन्हाळ्याबद्दल इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको आणि पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला अशी धरते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही.

तयारीत सर्वांत जास्त विचार काट्यांचा केला. बांधावरची बाभूळ आणि वाटेवर पसरलेला सराटा हे इथल्या सायकलचे खरे शत्रू आहेत. आम्ही जाड टायर बसवले, प्रत्येकी दोन जादा ट्यूब, ठिगळे, सोल्यूशन, टायर उचकटण्याच्या पट्ट्या आणि हातपंप बरोबर घेतला. जुन्या गाव नकाशांच्या छायाप्रती, मोजपट्टी, पाण्याच्या बाटल्या आणि कळण्याच्या भाकरी एवढेच बाकीचे सामान होते. निघण्यापूर्वी एक नियम दोघांनी मिळून ठरवला: वाट पायी चालणाऱ्यांची आहे, म्हणून समोर माणूस दिसला की वेग चालण्याइतका करायचा आणि जिथे दोघे शेजारून जाऊ शकत नाहीत तिथे आपण उतरायचे. दिवसभर हा नियम पाळला आणि त्याचा फायदा असा झाला की कोणाचीही नाराजी न ओढवता अनेकांशी बोलता आले.

सुरुवात काव्यरत्नावली चौकातल्या भाऊंच्या उद्यानापासून केली. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून १९३५ पर्यंत केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक याच गावातून चालवले आणि त्याचे नाव एका गजबजलेल्या चौकाला मिळाले, ही गोष्ट जळगावकर म्हणून मला फार मोलाची वाटते. पहाटे उद्यानाभोवती चालणाऱ्यांची वर्दळ होती. कानटोप्या, मफलर आणि हातात काठ्या घेतलेल्या ज्येष्ठांच्या रांगेमागून सायकली हाताने नेत आम्ही बाहेर पडलो. मेहरूणपर्यंतचा भाग वस्तीतल्या रस्त्यांचा आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. पदपथ जिथे आहे तिथे त्यावर दुकानांचे सामान आहे आणि जिथे तो मोकळा आहे तिथे तो अर्ध्यातच संपतो.

मेहरूण तलावावर मात्र आम्ही रेंगाळलो. सूर्य नुकताच वर आला होता आणि पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके पसरले होते. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी काठच्या गवतातून चालत पाण्यात उतरली. गणेश विसर्जनामुळे हा तलाव साऱ्या शहराला ठाऊक आहे, परंतु त्याच्या आसपासच्या बोरांच्या बागांमुळे ‘मेहरूण’ हे नाव बोराच्या एका जातीलाही मिळाले, हे नव्या वसाहतींतील मुलांना सांगावे लागते. बागा घटल्या आणि त्यांच्या जागी घरे आली. तरीही जानेवारीत टोपलीत बोरे घेऊन बसलेली बाई काठावर भेटतेच. तिच्याकडून घेतलेली बोरे दिवसभर खिशात होती. तलावाभोवती फिरणे सोपे आहे. अडचण तिथून पुढे मोहाडीच्या दिशेने निघताना येते, कारण नकाशातली तुटक रेषा थेट एका वसाहतीच्या कुंपणभिंतीत शिरते आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. भिंतीला वळसा घालून आम्ही मोहाडी रस्त्याला लागलो.

या रस्त्यावर वन विभागाचे लांडोरखोरी वनोद्यान आहे. साऱ्या वळशात मला सर्वांत प्रिय असलेली जागा हीच. सायकली प्रवेशद्वाराशी ठेवून आम्ही आत पायी गेलो. चालणाऱ्यांसाठी केलेल्या वाटेवर चाक नेण्याची गरजच नव्हती. आत निंब, पळस, बोर, बाभूळ अशी आपल्या मुरमाड जमिनीत तगणारी झाडे आहेत. हिवाळ्यात गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि सकाळचे ऊन त्यातून तिरपे येते. एका वळणावर मोराचा ओरडा आला आणि पुढे चाललेल्या दोन बायका बोलणे थांबवून उभ्या राहिल्या. शहराच्या इतक्या जवळ खोऱ्या-टेकड्यांचा हा तुकडा राखला गेला, याचे श्रेय ज्यांचे असेल त्यांना ते मनापासून द्यावेसे वाटते. अशा ठिकाणी सिमेंटच्या मूर्ती आणि रंगीत दिवे घालण्याची हौस अनेक गावांत दिसते. इथे रानाला रान राहू दिले आहे आणि तेच योग्य आहे.

वनोद्यानापासून शिरसोली रस्त्यावरच्या जैन हिल्सकडे जाणारा तुकडा या प्रवासातला कसोटीचा ठरला. गाव नकाशात इथे दोन शिवारांच्या मधून पायवाट आहे. प्रत्यक्षात पहिला काही भाग बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी चांगला मळलेला आहे, आणि नंतर एका कापसाच्या शेताशी तो नाहीसा होतो. एका बाजूला तारेचे कुंपण, दुसऱ्या बाजूला नांगरट. मध्ये उरलेली जागा मी मोजपट्टीने मोजली तेव्हा ती अडीच फूट भरली. सायकलच्या हँडलची रुंदीच दोन फुटांच्या आसपास असते. शेतात काम करणारे गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी विचारले, “काय शोधून राह्यले, भाऊ?” मी नकाशाची प्रत दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि शांतपणे सांगितले, “वाट होती, खरं आहे. माझे आजे याच वाटेनं बाजारले जात. पण आता इथून कोणी जाऊनच नाही राह्यलं, मंग नांगर कुठं थांबवता?”

त्यांचे बोलणे मला पटले. पायवाट मोडणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, परंतु माणसे दुचाकीवरून डांबरी रस्त्याने जाऊ लागली तेव्हाच ती वाट ओस पडली होती. त्यांनी आम्हाला बांधावरून जाऊ दिले आणि विहिरीवरचे पाणीही दिले. बोलता बोलता असेही कळले की पलीकडच्या शेताच्या मालकाला हीच वाट हवी आहे, कारण त्याला आता मजुरांना लांबचा फेरा घालून आणावे लागते.

त्याच बांधावर पुतण्याच्या मागच्या चाकातली हवा गेली. चाक काढून ट्यूब बाहेर घेतली, पाण्यात बुडवून छिद्र शोधले, ठिगळ लावले, पण टायरमधला काटा काही हाताला लागेना. बाभळीच्या काट्याचे टोक अनेकदा टायरमध्ये मोडून बसते आणि ते काढले नाही तर नवी ट्यूबसुद्धा शंभर पावलांत फुटते. बोट फिरवून शोधले तर बोटात घुसते. शेतकऱ्याने शेजारच्या झाडावरचे एक फुटलेले बोंड तोडून दिले. तो कापूस चिमटीत धरून मी टायरच्या आतून हळूहळू फिरवला आणि एका जागी तंतू अडकले. तिथे नखाएवढेही नसलेले काळे टोक होते. चिमट्याने ते उपटले, पुन्हा एकदा कापूस फिरवला, कुठेच अडकला नाही, मग ट्यूब बसवली. कापसाच्या मुलखात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने ही युक्ती लक्षात ठेवावी.

जैन हिल्सच्या उतारावर गांधीतीर्थ आहे. २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आयुष्यभर पायी चाललेल्या माणसाच्या स्मारकापर्यंत शहरातून निर्धास्त पायी येता यावे, असे मला तिथे फार तीव्रतेने वाटले. शिरसोली रस्ता रुंद आहे, वाहने वेगात जातात आणि कडेला चालणाऱ्यासाठी खडीचा पट्टा तेवढा उरतो. शाळकरी मुलांची एक रांग त्या खडीवरून एकामागे एक जात होती आणि त्यांचे शिक्षक हात पसरून रस्त्याच्या बाजूने चालत होते.

तिथून गिरणा नदीच्या दिशेने वळलो की मुंबईचा लोहमार्ग आडवा येतो. जळगाव हे जंक्शन आहे. मुंबई, सुरत आणि भुसावळ अशा तीन दिशांना रूळ फुटतात, म्हणून शहराला वळसा घालणाऱ्याला लोहमार्ग तीनदा आणि महामार्ग दोनदा ओलांडावा लागतो. या पाच जागा म्हणजेच या वाटेचे पाच सांधे आहेत. एखादे नवे उद्यान उभारण्यापेक्षा या पाच जागी पायी माणसाला सुरक्षित ओलांडता येईल अशी व्यवस्था झाली, तर आहे त्या उद्यानांचा उपयोग कितीतरी वाढेल, हे माझे मत त्या दिवशी प्रत्येक सांध्यागणिक पक्के होत गेले. पूल आणि भुयारी मार्ग वाहनांच्या सोयीने आखले जातात, त्यांचे चढउतार लांब असतात, आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई तेवढा फेरा न घेता रुळांवरून जाते. आम्ही सायकली घेऊन लांबचा फेरा घेतला.

गिरणेचा काठ दुपारी गाठला. सावखेडा शिवारात नदीला पाणी होते, पण ते पात्राच्या एका कडेला सरकलेले होते. उरलेल्या पात्रात वाळूचे खड्डे आणि त्यांच्या काठांवर उगवलेली झुडपे दिसत होती. जुन्या लोकांच्या बोलण्यात या नदीची स्वच्छ, रुंद वाळू येते. आज पाय ठेवावा अशी सलग वाळू शोधावी लागते. एका निंबाखाली बसून आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. समोर टिटवी ओरडत होती आणि पलीकडच्या काठावर बांभोरीच्या बाजूला विद्यापीठाची टेकडी दिसत होती. काठाने उत्तरेकडे जाणारी वाट सलग आहे, मऊ आहे आणि सावलीची आहे. फिरण्यासाठी याहून चांगला पट्टा शहराला मिळणार नाही, तरी तिथे आम्हाला गुराख्यांशिवाय कोणीही भेटले नाही. महामार्ग ओलांडून, नंतर सुरतेचा लोहमार्ग ओलांडून आम्ही आव्हाण्याच्या शिवारात आलो आणि तिथून शेतरस्त्यांनी ममुराबादच्या बाजूने पुढे गेलो. हे शेतरस्ते गाडीवाटेच्या दर्जाचे आहेत आणि बहुतेक मोकळे आहेत, कारण केळीचे घड आणि कापूस त्यांवरूनच बाहेर पडतो. ज्या वाटेवरून माल जातो ती वाट टिकते. पायवाटेवरून फक्त माणूस जातो, म्हणून तिच्यासाठी कोणी भांडत नाही.

आसोद्याला पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली या गावात महाजनांच्या घरी झाला आणि लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. शेत, जाते, विहीर, घरोटे आणि वाट एवढ्याच जगातून ज्यांच्या ओव्या उमलल्या, त्यांच्या माहेराकडून सासरकडे जाणारा हा रस्ता पायी चालण्याजोगा राखणे हेही त्यांचे स्मारकच होईल. गावाबाहेर एका शेतात काड्यांवर वांगी भाजणे चालले होते. हिरवट पांढरी, लांबोळी, भरताची वांगी. वरची साल काळी पडून फुटली की धुरकट वास सगळ्या शिवारात पसरतो. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बडगीत ठेचलेले ते भरीत आम्हाला आग्रहाने वाढले गेले आणि “काका, अजून घ्या” असे म्हणत पुतण्यानेच माझ्या पानात दुसऱ्यांदा घातले.

तिथून भादलीकडे वळलो. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली बालकवी ठोंबरे यांचा मृत्यू झाला. १९०७ साली जळगावातच भरलेल्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली होती आणि मृत्यूच्या वेळी ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. भादलीच्या रुळांजवळ उभे राहिल्यावर मला सकाळपासून मोजत आलेले ते पाच सांधे पुन्हा आठवले. शंभराहून अधिक वर्षांनंतरही आपल्या भागात पायी माणूस रूळ ओलांडताना जिवाची जोखीम घेतो, ही गोष्ट मला शांत बसू देत नाही. आम्ही तिथे फार थांबलो नाही. परत आसोद्यावरून जुन्या जळगावात शिरलो, तिसऱ्यांदा लोहमार्ग ओलांडला आणि अंधार पडताना महामार्गाशी येऊन उभे राहिलो. हा दुसरा महामार्ग-सांधा सर्वांत कठीण होता. ट्रक थांबत नव्हते, आणि आमच्याबरोबर ताटकळलेली माणसे लहान मुलांचे हात धरून मधल्या दुभाजकापर्यंत धावत होती.

या वळशानंतर मी दोन कामे हाती घेतली आहेत. पहिले म्हणजे प्रत्येक तुटलेल्या तुकड्याचा गट क्रमांकांसह टिपणवही-नकाशा करणे. तो जवळपास पूर्ण झाला आहे. दुसरे काम कायद्याच्या बाजूचे आहे. शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे. दोन्ही ठिकाणी अर्जदार शेतकरीच असावा लागतो. आम्हा शहरात राहणाऱ्यांना फिरायला वाट हवी एवढ्यावर हा अर्ज होत नाही. म्हणून मोहाडीच्या बाजूच्या त्या पलीकडच्या शेतमालकाला मी भेटलो. त्यांना मजुरांसाठी वाट हवी आहे, आम्हाला चालण्यासाठी. त्यांच्या मार्गाची जुनी नोंद मी काढून दिली आहे आणि अलीकडच्या गृहस्थांशीही समोरासमोर बसून बोलणे झाले आहे. सव्वाआठ फूट सोडायला ते तयार नाहीत, पण कुंपणाच्या कडेने चार फूट सोडायला तयार आहेत. चार फुटांतून माणूस आणि हाताने नेलेली सायकल सहज जाते, म्हणून माझा सल्ला तडजोड स्वीकारण्याचा आहे. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे झाले की नव्या नांगरटीपूर्वी तिघांच्या समक्ष मोजणी करून खुणेचे दगड रोवायचे ठरले आहे.